नाहरकत

वैजनाथचं वर्षश्राद्ध उरकलं, भटजी गोरेगावच्या जीपला लागले, पंगत उठली. एरवी हात वाळायच्या आत घरचा रस्ता धरणारे पाहुणे त्या दिवशी मात्र ओसरीवर चटया पसरून बसले. पार्वतीबाईंनी ओळखलं की आबांनी सगळ्यांना थांबायला सांगून ठेवलंय. ओळखायला फारसं काही लागलं नाही, कारण सांगणाऱ्यांत त्या स्वतःही होत्या.

वैजनाथ त्यांचा थोरला. हिंगोलीला ट्रॅफिकमध्ये होता, मोटारसायकलवर गस्तीला. गेल्या वर्षी चैत्रात फाट्यावर एका पिकअपनं त्याला उडवलं आणि खोडक्यांच्या घरातली एकुलती एक सरकारी नोकरी गेली. ती परत घरात आणायची तर वैजनाथच्या जागी घरातल्याच कुणाला तरी लावायला हवं होतं. त्यासाठीच आबा, म्हणजे पार्वतीबाईंचे मालक सटवाजी यांचे थोरले भाऊ भीमराज, सेनगावाहून एक कागद टाइप करून घेऊन आले होते. मयताची पत्नी साधना ही आपला दीर बालाजी यास नोकरी देण्यास हरकत घेत नाही, असा त्याचा मजकूर. खाली सहीला बोटभर जागा.

बालाजी एकतीस वर्षांचा. त्यातली दहा त्यानं पोलीस भरतीत घालवली. एकदा छाती अर्धा सेंटिमीटर कमी भरली, एकदा धावताना बुटाचा तळ निघाला, एकदा तो मैदानावर पोचला तेव्हा भरती आदल्याच दिवशी संपलेली होती. आता वय उलटलं. गोरेगावात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते बरं चालायचं, पण मुलीवाले दुकानाचं नाव काढलं की पाण्याचा पेला खाली ठेवून निघायचे. आबांच्या मेहुणीची एक मुलगी होती, तिच्या घरचे तयार होते, पण वर्दी असेल तर. म्हणून आबांची एवढी धावपळ.

पार्वतीबाईंचं कारण निराळं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरी साधनाला मिळाली तर ती हिंगोलीला जाणार, आणि जाताना लेकीला, वैष्णवीला, नेणार. वैष्णवी आठ वर्षांची. रात्री आजीचा पदर मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागत नसे. तो पदर सोडवायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी पार्वतीबाई सकाळपासून बालाजीच्या बाजूच्या होत्या.

साधना अजून स्वयंपाकघरात उरलंसुरलं झाकत होती. ती बाहेर येईपर्यंत बसलेल्यांना विषय हवा होता, आणि वैजनाथच्या नातलगांत एकच विषय कधी संपत नसे. तो म्हणजे कुणाकुणाला वैजनाथनं धरलं होतं.

आबांनी सुरुवात केली. एका एकादशीला ते मोटारसायकलवर तिघं बसून नरसीला नामदेवाच्या दर्शनाला निघाले होते. वाटेत वैजनाथनं गाडी अडवली. आबांना वाटलं, पुतण्या आहे, चहा पाजेल.

"आधी पाया पडला," आबा म्हणाले, "अन् मग पावती फाडली."

हे आबा वर्षभरापूर्वीपर्यंत रागानं सांगायचे. आता सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता. जावई योगेश कसा मागे राहील? त्याला तर वैजनाथनं पहिल्या दिवाळसणाला धरलं होतं. लायसन नाही, हेल्मेट नाही म्हणून चलन केलं, किल्ली काढून घेतली आणि नव्या कपड्यांत, हातात मिठाईचा पुडा घेऊन त्याला चार किलोमीटर चालत सासरी यायला लावलं. त्यानंतर दोन वर्षं तो मेव्हण्याशी बोलत नव्हता. त्यानं मोबाइल काढून त्या चलनाच्या मेसेजातला फोटो सगळ्यांना दाखवला. फोटोत बिनहेल्मेटचा योगेश तोंड उघडं टाकून कॅमेऱ्याकडे बघत होता. मेव्हण्यानं स्वतःच्या हातानं काढलेला हा एकच फोटो आपल्यापाशी आहे, असं तो म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. त्याची बायको निर्मला, वैजनाथची धाकटी बहीण, हिला तर एकही चलन मिळालं नव्हतं आणि त्याची तिला आता खंत वाटत होती.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. पांढरा शर्ट, खाकी पँट. फुलसिंग राठोड. वैजनाथचा जोडीदार, फाट्यावर त्या दिवशी त्याच्यासोबत होता तो. ड्युटीमुळे त्याला पंगत गाठता आली नव्हती. त्यानं हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि लिंबाखाली लावलेल्या पाहुण्यांच्या आठ गाड्यांकडे बघितलं. एकाही गाडीला हेल्मेट अडकवलेलं नव्हतं. तो एकेका गाडीपाशी थांबत थांबत ओसरीकडे आला, आणि योगेशनं उठून हळूच आपल्या नंबर प्लेटवर टॉवेल वाळत घातला.

पार्वतीबाईंनी फुलसिंगला पान वाढायला सांगितलं. तो जेवायला बसला आणि साधना हात पुसत दाराशी आली, तसा आबांनी घसा खाकरून कागद वाचला. वाचून झाल्यावर आबांनी तिला समजावलं. बालाजी काही परका नाही, पगार घरातच येणार, तिला ते मुलीसारखं सांभाळतील. साधनानं सगळं ऐकून घेतलं.

"आबा, ह्याच्यावर मला सही करता येत न्हाई," ती म्हणाली.

आबांनी विचारलं, काहून? तिनं पार्वतीबाईंकडे बघितलं आणि मान खाली घातली.

त्या क्षणापासून ओसरीवरची माणसं जागच्या जागी बसून पक्ष बदलू लागली. योगेशला वाटलं, वहिनींचा बालाजीवर राग दिसतो. मग निर्मला काय वाईट आहे? ती पदवीधर, वैजनाथची सख्खी बहीण. त्यानं तसं बोलूनही दाखवलं. बालाजी चाट पडला, कारण सकाळीच न्हाणीपाशी योगेशनं त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. आबा म्हणाले की सासरी गेलेल्या मुलीला द्यायचं असेल तर मग त्यांच्या नातवानं काय पाप केलंय, तोही वैजनाथचा पुतण्याच, आणि तो रोज पहाटे उठून पळतो. आता बालाजी आबांकडे बघत राहिला. मेहुणीच्या मुलीचं काय, असं त्यानं विचारलं, तर आबा म्हणाले की ते नातवासाठीही बघता येईल. निर्मला भावाला म्हणाली की तुझं दुकान आहे, माझं काय आहे. योगेश बायकोला म्हणाला की मी आहे ना. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा भावाकडे वळली.

पार्वतीबाई खांबाला टेकून हे सगळं ऐकत होत्या. सकाळी सगळे आपल्या बाजूचे होते. आता आपली बाजू कुठली, हेच त्यांना कळेना. शेजारच्या खांबाला त्यांचे मालक सटवाजी टेकले होते. त्यांना कमी ऐकू यायचं, निदान घरात बोलणं वाढलं की तरी नक्कीच कमी यायचं. ते सुपारी कातरत होते.

फुलसिंगनं खिरीची वाटी संपवली. त्याला या भांडणाचा काही बोध होईना. आपल्याला माहीत आहे ते घरच्यांना माहीत असणारच, असं धरून चालणारा तो सरळ माणूस. त्यानं मान वर करून विचारलं:

"ते राहू द्या हो सगळं. वहिनी मैदानीत पास झाल्या, त्याचे पेढे कुठं हायेत?"

सगळ्या माना साधनाकडे वळल्या. फुलसिंगनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. पण आता अर्ध्यात थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. म्हणून त्यानं वाटीकडे बघत बाकीचंही सांगून टाकलं. वैजनाथच्या जागेवर साधनानं सहा महिन्यांपूर्वीच अर्ज केला होता. शिपाई म्हणून. परवा तिची मैदानी चाचणी झाली. आठशे मीटर धावली, गोळा फेकला, दोन्हींत बसली.

गोळा म्हटल्याबरोबर पार्वतीबाईंनी स्वयंपाकघराकडे बघितलं. पाच महिन्यांपूर्वी साधनाच्या खाटेखाली त्यांना एक गुळगुळीत लोखंडी गोळा सापडला होता. कसला, कशाचा, काही कळेना, पण चांगला जड होता. म्हणून त्यांनी तो धुऊन पुसून लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर दाबण म्हणून ठेवला. कधी कधी सकाळी तो बरणीवर ओला आणि मातकट दिसायचा. त्यांना वाटायचं, दव पडलं असेल. घरात दव कसं पडेल, हा विचार त्यांना तेव्हा सुचला नव्हता. सून रोज पहाटे लोणच्यावरून गोळा उचलून नेत होती आणि सासूला वाईट वाटू नये म्हणून पुन्हा लोणच्यावर आणून ठेवत होती.

आबांचा विश्वास बसेना. या वयात, एका लेकराची आई, ही धावली कुठं, आणि आठशे मीटर मोजले कुणी?

"हळदीच्या वावरात," सटवाजी म्हणाले. "बांधाबांधानं दोन फेऱ्या अन् वर विहिरीपर्यंत. मी मोजलंय."

त्यांना हा प्रश्न बरोबर ऐकू आला होता. पार्वतीबाईंनी वळून नवऱ्याकडे बघितलं. सहा महिने हा माणूस पहाटे उठून रानडुकरं हाकायला म्हणून जात होता, आणि डुकरं कुणाच्या वावरात जास्त झाली यावर येऊन गप्पाही मारत होता. पार्वतीबाईंना नोकरीचा राग आला नाही, अर्जाचाही आला नाही. घरातल्या दोन माणसांनी मिळून एक गोष्ट केली आणि तिसऱ्याला बाहेर ठेवलं, ते त्यांना लागलं. सटवाजींनी सुपारीचं खांड पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही.

आबा वकिलासारखे बोलू लागले. घरच्यांच्या संमतीशिवाय हे झालंच कसं? फुलसिंग म्हणाला की झालं नाही अजून, एक कागद राहिलाय. मयताच्या आईचा. वारसांत बायको आणि लेकराबरोबर आईही धरतात, तिची हरकत नाही असं लिहून पाहिजे. साधना वहिनींना तो कागद दोन महिन्यांपूर्वीच दिला आहे.

म्हणजे सकाळपासून सगळे ज्या सहीच्या मागं होते ती सही कामाची नव्हती. कामाची सही खांबाला टेकून बसली होती.

हे लक्षात आल्यावर घरात जे झालं त्याची पार्वतीबाईंना पुढं कित्येक दिवस आठवण यायची आणि हसू यायचं. निर्मलानं आईला पाणी आणून दिलं. योगेशनं टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला. चाळीस वर्षं त्यांना सटवाजीची बाई एवढंच म्हणणारे आबा "पार्वतीबाई, तुमी शांतपणे विचार करा" असं बोलले. एकटा बालाजी जागचा हलला नाही. पार्वतीबाई पाणी प्यायल्या, त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि फुलसिंगला हात धुवायला परसात चल म्हणाल्या.

परसात त्यांनी त्याच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं. एक वर्ष त्यांच्या पोटात एक प्रश्न होता. गावात, एसटीत, दवाखान्यात, बायका हलक्या आवाजात बोलायच्या की दुसऱ्यांना हेल्मेट शिकवणाऱ्याच्याच डोक्यावर त्या दिवशी ते नव्हतं म्हणे. खरं असेल तर काय, या भीतीनं पार्वतीबाईंनी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

"फुलसिंगा, त्याच्या डोक्यावर होतं का रे?"

"होतं, मावशी. पट्ट्यासकट. दवाखान्यात तो पट्टा कात्रीनं कापावा लागला."

मग त्यानं सगळंच सांगितलं. एक म्हातारा-म्हातारी मोटारसायकलवरून चालले होते. म्हातारीच्या लुगड्याचा पदर मागच्या चाकाशी फडफडत होता. वैजनाथ गाडी वळवून त्यांच्या मागं गेला, त्यांना बाजूला घेतलं आणि पदर खोचून घ्यायला सांगितलं. पावती केली नाही. ती म्हातारी त्याला कोण कुठला विचारत होती, तो हसून गावाचं नाव सांगत होता. ते दोघं सुखरूप गेले. तो परत वळला आणि ट्रकला ओलांडून येणारी पिकअप सरळ त्याच्या अंगावर आली. फार वेळ लागला नाही.

पार्वतीबाईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी स्वतःच्या तोंडावर मारलं. घरात या पोराला आपल्या चपला कुठं काढल्या ते सापडायचं नाही, त्या म्हणाल्या, आणि बाहेर लोकांचे पदर बघत फिरायचा. मग त्यांनी फुलसिंगला साधनाला पाठवायला सांगितलं.

साधना येऊन भिंतीशी उभी राहिली. सासूनं विचारलं, मला काहून सांगितलं नाही. साधना म्हणाली की रोज सांगायचं ठरवायची, पण पार्वतीबाई रोज त्या फाट्याचं नाव निघालं की उठून आत जायच्या. त्याच रस्त्यावर उभं राहायला मला परवानगी द्या, हे कुठल्या तोंडानं मागणार?

"टेबलाचं काम मागता आलं असतं की तुला."

"आलं असतं, आत्या."

"मग?"

साधनानं मान वर केली. "वरीसभर लोक येऊन राहिले, हळहळ करून जाऊन राहिले," ती म्हणाली. "मला आता कुणाची हळहळ नको. मी हात केला की गाडी थांबावी. येवढंच पायजे."

पार्वतीबाईंचा खरा प्रश्न वेगळाच होता. तो त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारला. "अन् माझी वैष्णवी?"

"हिंगोलीत खोल्या बघून ठेवल्यात. दोन हायेत, मधी दार. चौघांना पुरत्यात."

"चौघं कोण?"

"मामा, तुमी, ती अन् मी."

मामांना म्हणजे सटवाजींना हेही माहीत होतं, हे कळल्यावर पार्वतीबाईंचा राग पुन्हा वर आला. हे खोल्यासुद्धा बघून आले आणि आपल्याला वाटलं, माणूस परभणीला कानाच्या डॉक्टरकडे गेलाय. वावर कोण बघणार, असं त्यांनी मोठ्यानं विचारलं. दाराआडून उत्तर आलं. बालाजी तिथं केव्हाचा उभा होता.

"मी बघतो, आई. दुकान अन् वावर, दोन्ही होतंय मला." मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू का? मला पळलं की लई दम लागतो. दहा वर्षं तुमी सगळे म्हणून राहिले म्हणून पळलो."

पार्वतीबाईंनी आपल्या धाकट्याकडे नीट बघितलं. दहा वर्षं त्याला पहाटे कच्ची अंडी पाजली होती, ती त्याला आवडत नव्हती, हेही त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. त्यांनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि साधनाला कागद आणायला सांगितला.

ओसरीवर आबांनी अंगठ्यासाठी शाईचं पॅड शोधायला सुरुवात केली. पार्वतीबाई म्हणाल्या की त्या सही करतात. वैष्णवीच्या पाटीवर त्या दोन वर्षं तिच्याबरोबरच शिकल्या होत्या, पण दाखवायची वेळ आली नव्हती. चष्मा आणला, पाट आणला, कागद पाटावर ठेवला. सगळे वाकून बघत होते. पार्वती लिहून झाल्यावर बाई लिहायला जागा कमी पडली, तेव्हा ते त्यांनी खाली लिहिलं. शेजारच्या रकान्यात मयताशी नातं लिहायचं होतं. तिथं पेन थांबलं. आबा म्हणाले की सोपं आहे, दोनच अक्षरं. पार्वतीबाईंनी मान न उचलता सांगितलं की अक्षरं येतात मला. मग त्यांनी लिहिलं, आई, आणि पेनचं टोपण लावून ते साधनाच्या हातात दिलं.

पाहुणे चहा घेऊन निघाले. नंतर तीन दिवस पार्वतीबाई सटवाजींशी बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या चहात साखर घालायला विसरल्या. सटवाजींनी तक्रार केली नाही. चौथ्या दिवशी सासू-सुना कागद द्यायला हिंगोलीला गेल्या. कचेरीतल्या बाबूनं कागद वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि नियमाप्रमाणे विचारलं की आजी, सही स्वखुशीनं केली ना, कुणाचा दबाव तर नाही?

"दबाव लई होता," पार्वतीबाई म्हणाल्या. "तो घरी ठेवून आले."

बाबूनं शिक्का मारला.

बाहेर पडल्यावर त्यांना चौक ओलांडायचा होता. साधना कागदाच्या झेरॉक्स काढायला पलीकडच्या दुकानात आधीच गेली होती. ऊन रणरणत होतं. चौकाच्या मध्यात एक पोलीस मुलगी उभी होती, पांढरा शर्ट घामानं भिजलेला, तोंडाला रुमाल बांधलेला. हिच्यासारख्यांकडे पार्वतीबाईंनी वर्षभर मान वर करून बघितलं नव्हतं. म्हातारी कडेला ताटकळलेली बघून तिनं हात वर केला. ट्रक थांबला, एसटी थांबली, रिक्षा, मोटारसायकली, सगळा चौक थांबला.

पार्वतीबाई निघाल्या. अर्ध्या रस्त्यात, त्या मुलीपाशी, त्या उभ्या राहिल्या.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

मागून एसटीनं हॉर्न दिला. मुलीनं वर केलेला हात खाली घेतला नाही. "न्हाई अजून, आजी," ती म्हणाली. "तुमी आधी पलीकडं व्हा."

पार्वतीबाईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढून तिच्या दुसऱ्या हातात दिली, एसटीच्या ड्रायव्हरकडे एकदा बघितलं, आणि मग सावकाश पलीकडे गेल्या.